गळतं छप्पर, रंगते भिंत

घाटकोपरहून वर्सोव्याच्या मेट्रोत बसलं आणि जागृती नगर मागे पडलं, की डब्यातली काही डोकी मोबाइलमधून वर येतात. असल्फ्याची टेकडी दिसायला लागते. 2017 च्या अखेरीस स्वयंसेवकांनी या टेकडीवरच्या वस्तीच्या भिंती रंगवल्या. गुलाबी, पिवळ्या, निळ्या, मध्ये मध्ये मोठाली चित्रं. लगेच तिची तुलना इटलीच्या किनाऱ्यावरच्या गावांशी व्हायला लागली. त्या दिवसांत मीही मुद्दाम दारापाशी उभा राहून प्रवास करायचो. रंग छान होते, त्याबद्दल वाद नाही. दुसऱ्या की तिसऱ्या फेरीला लक्षात आलं, की रंगीत भिंतींच्या डोक्यावर सगळीकडे निळी ताडपत्री आहे. पत्रे, पत्र्यांवर ताडपत्री, ती उडू नये म्हणून विटा, जुने टायर, एखादी पाय मोडलेली खुर्ची. पावसाळ्यात गळतं ते छप्पर, आणि रंगली होती ती भिंत.

असल्फ्यातल्या लोकांना ते रंग आवडले नसतील असं मला अजिबात म्हणायचं नाही. ज्या वस्तीचं नाव नोकरीच्या अर्जावर लिहिताना हात अडखळतो, तिचे फोटो लोक काढायला लागले तर बरं वाटतंच. शिवाय तो खटाटोप तरुण मुलामुलींनी सुट्ट्या घालवून केला होता. घरी पंख्याखाली बसून लेख लिहिणाऱ्याने त्यांना नावं ठेवणं फार सोपं आहे. पण चित्रांचा आकार बघा. टेकडीवरच्या गल्ल्या एवढ्या अरुंद, की समोरून माणूस आला तर एकाने अंग चोरायचं. तिथे उभं राहून आख्खी भिंत नजरेत मावत नाही. मावते ती मेट्रोच्या दारातून. राहणारा चित्राच्या आत आणि बघणारा बाहेर, तिकीट काढून.

तेव्हापासून, पडझड झालेल्या वस्तीत कोणी कलाकार रंगाचा डबा घेऊन शिरला असं ऐकलं, की मी दोनच गोष्टी विचारतो. हे बघायचं कुठून? आणि ज्या भिंतीवर हे काढलंय ती कागदोपत्री कोणाची? लोकसहभाग, सक्षमीकरण, अस्मिता हे शब्द अनुदानाच्या अर्जात शोभतात, त्यांना माझी हरकत नाही. पण या दोन प्रश्नांची उत्तरं मिळाल्याशिवाय त्यांचं वजन कळत नाही.

ही उत्तरं एका ठिकाणी फार चांगली मिळाली, ते ठिकाण लिव्हरपूल. मुंबईचं त्या शहराशी नातं कापसाचं. 1861 ते 1865 अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस बंद झाला, आणि आपल्याकडच्या गाठी लिव्हरपूलच्या बाजारात सोन्याच्या भावाने गेल्या. युद्ध संपलं तशा मुंबईतल्या पेढ्या धडाधड बुडाल्या. लिव्हरपूलच्या बंदराची भरभराट मात्र पुढेही बरीच वर्षं टिकली, आणि तिच्या जोरावर ज्या वस्त्या उभ्या राहिल्या त्यांतली एक टॉक्स्टेथ. तिथल्या ग्रॅन्बी भागातली घरं लाल विटांची, भिंतीला भिंत लावून रांगेत उभी. बैठी चाळ दुमजली केली तर दिसेल तशी. वस्ती गोदीच्या आणि बोटींच्या आधाराने जगणाऱ्यांची, त्यात आफ्रिकेतून, कॅरिबियन बेटांवरून आलेल्यांची पिढ्यान् पिढ्यांची घरं. लिव्हरपूलमधला काळा समाज युरोपातल्या सर्वांत जुन्या काळ्या समाजांपैकी एक आहे.

मग गोदी बसली. 1931 मध्ये साडेआठ लाखांच्या घरात असलेली शहराची लोकसंख्या 2001 पर्यंत जवळपास निम्म्यावर आली. 1981 च्या जुलैत टॉक्स्टेथमध्ये पोलिसांविरुद्धचा राग रस्त्यावर आला. ब्रिटनच्या मुख्य भूमीवर दंगल शमवायला अश्रुधूर पहिल्यांदा वापरला गेला तो इथे. त्यानंतर थॅचर सरकारचे अर्थमंत्री जेफ्री हाव यांनी खाजगीत असं सुचवलं, की या शहरात पैसा ओतण्यापेक्षा त्याचा ऱ्हास शिस्तीत होऊ द्यावा का, याचाही विचार व्हावा. ते कागद 30 वर्षांनी, 2011 सरता सरता खुले झाले. मंत्रिमंडळातल्याच मायकेल हेसेल्टाइन यांनी या विचाराला विरोध केला होता आणि तो अधिकृत धोरण कधी झाला नाही. पण ग्रॅन्बीतल्या माणसाला ते कागद वाचून नवल वाटलं नसेल. रस्त्यावरची घरं एकेक करून रिकामी केली जात होती आणि खिडक्यांवर पत्रे ठोकले जात होते. 2002 मध्ये सरकारने उत्तर इंग्लंड आणि मिडलँड्समधल्या नऊ भागांसाठी घरबाजाराच्या नूतनीकरणाची मोठी योजना आणली. तिचं तर्कशास्त्र सरळ होतं. इथल्या घरांना गिऱ्हाईक नाही, म्हणून ती पाडा. कमी आणि नवी घरं बांधा, म्हणजे भाव वर येतील. योजना 2011 मध्ये गुंडाळली गेली तोवर हजारो घरं भुईसपाट झाली होती. पाडलेल्यांच्या जागी नवी उभी राहण्याआधीच पैसा संपला. ग्रॅन्बीत जुन्या रांगांच्या चार गल्ल्या उरल्या, त्यांतही बहुतेक दारं बंद.

बंद घर एकटं मरत नाही. छप्पर फुटलं की पाणी मधल्या भिंतीतून शेजाऱ्याकडे जातं, ओल चढते, उंदीर होतात, रात्री चोर येऊन तांब्याचे पाइप उखडून नेतात. गिरगावातल्या ज्या चाळीत वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांना वर्षानुवर्षं कुलूप आहे, तिथे खाली राहणाऱ्याला हे समजावून सांगायची गरज नाही.

अशा गल्लीत मूठभर रहिवाशांनी, त्यांत बहुतेक बायका, एक दिवस खराटे घेतले आणि रस्ता झाडला. कुंड्या आणल्या, फुटपाथवर वेली चढवल्या. मग पत्रे आणि फळ्या ठोकलेल्या खिडक्यांवर त्यांनी खिडक्याच रंगवल्या, पडदे, फुलदाण्या, असं काहीबाही. केर्न्स स्ट्रीटवर महिन्यातून एकदा बाजार भरवायला लागले: जुने कपडे, रोपं, घरचं खाणं, गाणंबजावणं. पालिकेच्या लेखी ज्या रस्त्याला भविष्य नव्हतं, त्या रस्त्यावर दर महिन्याला गर्दी व्हायला लागली. चित्रकार म्हणून नाव असलेलं कोणी यात नव्हतं. ती रंगवलेली फळी बघायची कुठून, तर समोरच्या घराच्या दारातून. सकाळी दूध घ्यायला दार उघडणाऱ्या बाईला समोर बोडका पत्रा दिसू नये, एवढाच त्या चित्राचा हेतू. आणि पाडायला आलेल्या माणसाला कळावं, की इथे कोणीतरी राहतं आहे.

त्यानंतर त्या लोकांनी जे केलं त्याचे फोटो निघत नाहीत. 2011 मध्ये त्यांनी सामुदायिक भूमी न्यास नोंदवला. जमीन न्यासाची राहणार, कोणा एकाची नाही. न्यासाच्या घरांपैकी काही भाड्याने द्यायची, काही विकायची. पण विकलेल्या घराचा पुढचा भाव बाजार ठरवणार नाही, तो त्या भागातल्या माणसांच्या कमाईशी बांधलेला राहील. घर घेतलं, रस्ता सुधारला, म्हणून पाच वर्षांनी तिप्पट भावाला फुंकून मोकळं होता येणार नाही. पालिकेकडून त्यांनी 10 घरं मिळवली. 10 हा आकडा लहान आहे, आणि त्या चार गल्ल्यांतली बरीचशी घरं पुढे मोठ्या गृहसंस्थांनीच दुरुस्त केली. तरी त्या 10 घरांनी पाडकामाच्या यादीला पाचर मारली.

मग आले असेंबल नावाच्या गटातले लोक. लंडनची बहुतेक विशी-तिशीतली मुलं, काही वास्तुशास्त्र शिकलेली, काही नाही. त्यांचं 2010 मधलं पहिलं गाजलेलं काम म्हणजे बंद पडलेल्या पेट्रोल पंपाचं थिएटर. ग्रॅन्बीत त्यांनी घरांना त्यांच्या दुखण्याप्रमाणे औषध दिलं. जिथे वरची जमीन कोसळली होती तिथे ती पुन्हा घालण्याऐवजी दुप्पट उंचीची खोली ठेवली. दोन घरं इतकी पडकी होती, की त्यांत राहायला जागा करण्याऐवजी काचेच्या छपराखाली बाग करायचं ठरलं. ती बाग 2019 मध्ये उघडली. पाडलेल्या घरांचा राबिट, म्हणजे विटांचे आणि छपराच्या पाटीदगडाचे तुकडे, सिमेंटमध्ये कालवून, ओतून, घासून त्यांनी शेगडीभोवतालच्या चौकटी केल्या. आपल्याकडे जुन्या घरांत मोझॅकची लादी असते ना, तिचीच ही बहीण. फरक एवढाच, की तिच्यातला प्रत्येक खडा शेजाऱ्याच्या घराचा. दाराच्या मातीच्या मुठी भुशाच्या धुरावर भाजल्या, त्यामुळे प्रत्येकीवर डाग वेगळा. या वस्तू करायला वस्तीतच कार्यशाळा निघाली, तिथे स्थानिक माणसं कामाला लागली, आणि माल विकायला लागला.

2015 च्या डिसेंबरात या कामाला टर्नर पारितोषिक मिळालं. ब्रिटनमधल्या समकालीन कलेचा हा सर्वांत बोलबाला असलेला सन्मान, रक्कम 25,000 पौंड. लगेच वाद सुरू झाला, की ही कला आहे का. शेगडीची चौकट, दाराची मूठ, न्हाणीघराच्या फरशा. असेंबलमधली मुलं स्वतःही आपल्याला कलाकार म्हणवून घ्यायला फारशी उत्सुक नव्हती.

या वादात मला रस आहे, कारण त्याच पारितोषिकाच्या इतिहासात एक दुसरं घर आहे. पूर्व लंडनमधली ग्रोव्ह रोडवरची अशीच रांगेतली घरं पाडली जात होती. उरलेल्या एका घराच्या आत रेचल व्हाइटरीड हिने काँक्रीट भरून घेतलं आणि मग बाहेरचं घर, विटा, दारं, खिडक्या, काढून टाकलं. उरला तो आतल्या पोकळीचा ठोकळा: जिन्याची उलटी खूण, शेगडीचा बाहेर आलेला फुगवटा, बटणांचे खळगे. घराचं भूत म्हणा. 23 नोव्हेंबर 1993 रोजी तिला टर्नर पारितोषिक जाहीर झालं, आणि त्याच दिवशी स्थानिक पालिकेने ते काम पाडायचा ठराव केला. जानेवारी 1994 मध्ये ते पाडलं.

मला विचाराल तर विसाव्या शतकाच्या अखेरीच्या महान शिल्पांपैकी ते एक होतं. घर म्हणजे आतली हवा, ही गोष्ट इतक्या नेमकेपणाने दुसऱ्या कोणी सांगितलेली मला माहीत नाही. आणि तरी त्यात कोणाला राहता येत नव्हतं. म्हणून ‘कलेने समाजकार्य करावं का’ हा प्रश्न मला फसवा वाटतो. व्हाइटरीडने करू नये. तिने केलेलं पुरे आहे. तिने शोक केला, तो खरा होता. पण जो कलाकार वस्तीचं पुनरुज्जीवन करतो आहे असं सांगून पैसा उभा करतो, त्याला व्हाइटरीडची सूट मागता येत नाही. त्याच्या चित्राला टर्नरच्या परीक्षकाआधी गवंडी तपासणार. त्यात कमीपणा काय आहे? आपल्याकडे लोहाराला, कुंभाराला, सुताराला हेच परीक्षक होते, आणि त्यांच्या कामात सौंदर्याची उणीव होती असं म्हणायला जीभ धजणार नाही.

अमेरिकेतल्या ह्यूस्टनमध्ये रिक लो या चित्रकाराला हा उपयोगाचा प्रश्न एका शाळकरी मुलाने घातला होता, असं तो स्वतः सांगत आला आहे. 1990 च्या सुमारास मुलं त्याच्या स्टुडिओत आली होती. त्याच्या मोठमोठ्या चित्रांत वस्तीतली गरिबी, अन्याय असं सगळं होतं. त्या मुलाचं म्हणणं साधारण असं: तुम्ही दाखवताय ते आम्ही रोज बघतो, तुम्हाला नवं काही सुचतं म्हणून तुम्ही कलाकार, तर मग उपाय का नाही सुचत? लो निरुत्तर झाला. थर्ड वॉर्ड या काळ्या वस्तीत एका ओळीत 22 पडीक घरं होती, चिंचोळी, एकामागे एक खोल्या असलेली, समोर ओसरी. जॉन बिगर्स या ज्येष्ठ चित्रकाराने अशीच घरं आपल्या चित्रांत सन्मानाने रंगवली होती. ती ओसरी, ती रांग, ते शेजार म्हणजेच संस्कृती आहे हे लोने त्याच्याकडून घेतलं. 1993 मध्ये आणखी सहा कलाकारांना घेऊन त्याने ती घरं हातात घेतली. काही घरांत कलाकारांची कामं मांडली, काही घरं शिकत असलेल्या एकट्या, तरुण आयांना राहायला दिली. त्यांच्या मुलांना सांभाळायला शेजार होता, आणि शेजारच्या खोलीत चित्रप्रदर्शन. 2003 मध्ये घरबांधणीसाठी वेगळी संस्था काढून त्यांनी परवडणारी भाड्याची घरं बांधायला घेतली. लोला 2014 मध्ये मॅकआर्थर शिष्यवृत्ती मिळाली, ते ठीकच. मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की घरं आधी नुसती वापरायला मिळालेली होती, ती त्यांनी विकत घेतली. त्याच वस्तीच्या कडेला एक बाग आहे. 1872 मध्ये गुलामगिरीतून सुटलेल्या लोकांनी वर्गणी काढून, 1,000 डॉलरला 10 एकर जमीन घेऊन ती केली, स्वातंत्र्याचा दिवस साजरा करायला हक्काची जागा हवी म्हणून. सोहळा करायचा तर आधी सातबारा, हे त्यांना लोच्या शंभरेक वर्षं आधी उमगलं होतं.

आणि कागद नसताना सोहळा केला तर काय होतं? लंडनच्या बॅलफ्रन टॉवरची गोष्ट सगळ्यांत स्वच्छ आहे. एर्नो गोल्डफिंगर या वास्तुकाराने पूर्व लंडनच्या पॉप्लरमध्ये 1967 मध्ये पुरी केलेली ही सरकारी भाडेकरूंची उंच इमारत. दुरुस्तीच्या नावाखाली भाडेकरूंना हलवलं, मधल्या काळात रिकाम्या घरांत कलाकारांना स्वस्तात राहायला दिलं. नाटकं झाली, प्रदर्शनं झाली, 2014 मध्ये तर एक घर साठच्या दशकासारखं सजवून लोकांना दाखवलं. इमारतीला नाव आलं. मग घरं खुल्या बाजारात विकायची ठरली. कलाकारांनी मुद्दाम कोणाला घालवलं असं मी म्हणत नाही. त्यांनाही डोक्यावर छप्पर हवं होतं. पण रिकामी इमारत आणि महाग इमारत यांच्यामधली जी अडचणीची वर्षं असतात, ती त्यांनी भरून काढली. दुर्लक्ष ही गरिबाची एक प्रकारची ढाल असते. कोणी बघत नाही म्हणून भाव वाढत नाही, भाव वाढत नाही म्हणून राहता येतं. चित्र काढणं म्हणजे लक्ष वेधणं. ज्याच्या हातात जमिनीचा कागद नाही त्याच्या घराकडे लक्ष वेधताना, ते लक्ष नेमकं कोणाचं वेधलं जाणार याचा विचार कलाकाराने नाही केला, तर दलाल करतो.

आता मुंबई. इथे ग्रॅन्बीचा धडा जसाच्या तसा गिरवायला गेलं तर तोंडघशी पडू. लिव्हरपूलमधलं घर कोणाला नको होतं म्हणून पडत होतं. गिरगावातलं घर त्याखालची जमीन सगळ्यांना हवी आहे म्हणून पडतं. 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी 1940 च्या पातळीवर गोठवली. भाडेकरूला त्याने जगवलं, यात शंका नको. पण मालकाला डागडुजीत पैसे घालायचं कारण उरलं नाही. 1969 मध्ये उपकर बसवून दुरुस्ती मंडळ आलं तेव्हा अशा 19,642 इमारती मोजल्या गेल्या होत्या. दुरुस्तीचा पैसा कधीच पुरला नाही. मालक पडायची वाट बघतो, भाडेकरू बिल्डरची वाट बघतो, बिल्डर चटईक्षेत्र वाढायची वाट बघतो, आणि इमारत टेकूवर उभी राहते. मराठीत ‘टेकू देणे’ याचा अर्थ तात्पुरता आधार. मुंबईत टेकूंवर पिढ्या वाढल्या, लग्नं झाली, बारशी झाली.

अशा इमारतीवर भित्तिचित्र काढून काय होणार? फार तर पुनर्विकासाच्या माहितीपत्रकाला मुखपृष्ठ मिळेल. इथे कमी पडते ती एकी. पुनर्विकासाला अर्ध्याहून जास्त रहिवाशांची संमती लागते, आणि त्या सह्यांपायी सख्खे भाऊ बोलेनासे होतात. एक गट या बिल्डरचा, दुसरा त्या बिल्डरचा. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंना वाटतं, की पहिल्या मजल्यावाल्यांना आतून काहीतरी मिळालंय. 2019 मध्ये सरकारने स्वयंपुनर्विकासाला सवलती जाहीर केल्या, म्हणजे बिल्डरला वगळून सोसायटीने स्वतःच इमारत बांधायची. कागदावर हे आपलं ग्रॅन्बी. पण त्याला लागतात एकमेकांचा हिशेब मान्य करणारी माणसं.

ही माणसं तयार करायची कला आपल्याकडे आहे, आणि ती कुठल्याही कलासंस्थेने आणलेली नाही. गिरगावातल्या केशवजी नाईक चाळीत 1893 पासून गणपती बसतो. चाळीचा गणपती म्हणजे काय, तर चौकात मांडलेलं सामुदायिक नेपथ्य. वर्गणी काढायची, कोणाकडून किती घ्यायची हे भांडून ठरवायचं, देखाव्याचा विषय ठरवायचा, सुतार, इलेक्ट्रिशियन, रंगारी चाळीतलेच गाठायचे, नाटक बसवायचं, रांगोळीचा मान कोणाचा यावरून रुसवे काढायचे, आणि शेवटी हिशेबाची वही सगळ्यांसमोर वाचायची. बघणारा उभा कुठे? गॅलरीत, आपल्याच दारासमोर. कामगार वस्त्यांमध्ये याच्या शेजारी दुसरी परंपरा होती. अण्णा भाऊ साठे, अमर शेख, द. ना. गवाणकर यांचं लाल बावटा कलापथक 1944 चं. अण्णा भाऊ कित्येक वर्षं राहिले ते घाटकोपरच्या चिरागनगरात, एका झोपडीत. म्हणजे ज्या मेट्रोतून आपण असल्फ्याच्या रंगांचे फोटो काढतो, ती जिथून सुटते तिथून जवळच. ती वस्ती कोणी बाहेरून येऊन रंगवली नव्हती, तरी तिच्यातून शब्द बाहेर पडत होते.

मंडळांचे मी गोडवे गातोय असं वाटेल, तर तसं नाही. आज कित्येक मंडळांच्या मांडवात बाप्पापेक्षा नगरसेवकाचा फ्लेक्स मोठा असतो, आणि बिल्डरला चाळीत शिरायचं असलं तर तो आधी मंडळाला देणगी देतो. वर्गणीची जागा देणगीने घेतली, की वही वाचायची गरज संपते, आणि वही वाचली नाही की मंडळ म्हणजे नुसता देखावा. टॉवर झाल्यावर गणपती पोडियमवर जातो, एसी हॉलमध्ये. सजावटीचं काम कंत्राटदाराला. ज्यांना मुंबईत वस्तीपातळीवर कला करायची आहे त्यांनी भिंती शोधण्याआधी या वह्या शोधाव्यात असं मला वाटतं. ज्या चाळीत अजून वर्गणी निघते आणि अजून भांडणं होतात, तिथे जाऊन विचारावं, यंदा सजावटीत आमचा हात लागला तर चालेल का. तिथे हो म्हणतील, नाही म्हणतील, चहा देतील. मग जे होईल त्यात कलाकाराचं नाव कदाचित राहणार नाही.

माझ्या मावशीची खोली गिरगावातल्या एका चाळीत, दुसऱ्या मजल्यावर. गॅलरीखाली टेकू लागले तेव्हा मी शाळेत होतो, अजून आहेत. गणपतीत पोरं त्या टेकूंना रंगीत कागद गुंडाळायची, वर बल्बच्या माळा. एका वर्षी तर त्यांनी टेकूंचेच खांब करून राजवाडा उभा केला, आणि तो इतका बेमालूम झाला, की बाहेरून आलेल्यांना टेकू दिसलेच नाहीत. त्याच वर्षी पहिल्या आणि दुसऱ्या मजल्यामधल्या जिन्याची एक फळी कुजली होती. अर्ज देऊन सहा महिने झाले होते, बघायला कोणी आलं नव्हतं. विसर्जनानंतर हिशेबाच्या बैठकीत थोडे पैसे शिल्लक निघाले. मावशीची सून त्या वर्षी खजिनदार होती. ती म्हणाली, फळी बदलून घेऊ.

“देवाचा पैसा जिन्याला?” तळमजल्यावरचे आप्पा उसळले.

“अहो आप्पा, कोणाच्या घराला नाही, चाळीच्या जिन्याला. वरच्या आजी आरतीला याच जिन्याने उतरतात.”

“मग वहीत काय लिहिणार तू?”

वाद रात्री साडेअकरापर्यंत चालला. दुसऱ्या दिवशी राजवाड्याच्या चौकटी ठोकणाराच सुतार आला आणि सागाची नवी फळी बसवून गेला. मावशीकडे गेलो की त्या पायरीवर पाय जरा जपूनच पडतो अजून, सवयीने. मध्यंतरी मंडळाच्या जुन्या वह्या चाळत होतो, त्यात ती नोंद सापडली. वहीत खातीच चार: मूर्ती, पूजा, प्रसाद, सजावट. तिने लिहिलं होतं, ‘सजावट: कागद, बल्ब, खिळे, फळी 1, सुताराची मजुरी.’ खाली आप्पांची सही होती.